शिवम्माला कोणतं औषध चालेल?

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक करून पाहा. जिथं आहात तिथंच ताठ बसा आणि मान खाली घालून हनुवटी छातीला लावा. लागली? लागणारच. आता डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या आईला हे जमत नाहीये. ती उताणी पडली आहे. अंग तापलेलं आहे. उजेड सोसत नाही म्हणून तिनं तोंडावर पदर ओढून घेतला आहे. कुणी तिच्या डोक्याखाली हात घालून मान उचलायला गेलं, तर मान वाकत नाही, सगळी पाठच फळीसारखी वर येते.

झरीच्या महानंदाला ही कल्पना करावी लागली नाही. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं.

महानंदा तेव्हा चौथीत होती. घरात तिला सगळे नंदा म्हणत. झरी हे परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं मोठं गाव. तिथं नंदाच्या वडिलांचं, महालिंगअप्पांचं, किराणा दुकान होतं. घरात आई शिवम्मा, आजी गंगम्मा आणि नंदा. गंगम्मा रोज सकाळी लिंगायतांच्या रीतीप्रमाणे गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायची नाही. गावात तिच्या हाताला चांगला गुण आहे असं लोक म्हणत. कुणाची टाच दुखो, कुणाला काटा मोडो, माणसं गंगम्माकडं येत.

शिवम्माचा कान बरेच दिवस फुटलेला होता. अधूनमधून पू यायचा, ती कापसाचा बोळा घालून कामाला लागायची. एके दिवशी डोकं दुखायला लागलं, मग ताप, मग उलट्या. दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. नंदाला ‘मला पाणी दे गं अक्का’ म्हणाली, तेव्हा महालिंगअप्पांनी दुकानाची फळी लावली आणि सगळे सकाळच्या एस.टी.नं परभणीच्या मोठ्या दवाखान्यात गेले.

तिथं डॉक्टर पेडगावकर होते. केस पिकलेले, बोलणं सावकाश. त्यांनी शिवम्माची मान उचलून पाहिली, कानात बॅटरीचा उजेड पाडला आणि लगेच तिला कुशीवर वळवायला सांगितलं. पाठीच्या दोन मणक्यांच्या मधून त्यांनी लांब सुईनं थोडं पाणी काढलं.

हे पाणी म्हणजे काय, ते सांगतो. आपला मेंदू पातळ आवरणात गुंडाळलेला असतो. त्या आवरणाच्या आत, मेंदूच्या भोवती आणि पाठीच्या कण्यातून खालपर्यंत, नितळ पाणी भरलेलं असतं. ते विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. शिवम्माचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. कानातले जंतू हाडातून वाट काढून आत शिरले होते आणि आवरणाला सूज आली होती. आपल्याकडं याला मेंदूज्वर म्हणतात. यात उशीर करून चालत नाही. लवकर योग्य औषध मिळालं तर माणूस उठून बसतो. नाही मिळालं तर जातो, किंवा वाचला तरी त्याचं ऐकू येणं जातं, कधी समजही जाते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “हिला कुठलं औषध चालत नाही, असं काही आहे का?”

“हाय ना साहेब,” महालिंगअप्पा म्हणाले. “पेनिसिलीन. मागं लय मोठी रिअॅक्शन आलती. डॉक्टरनं सांगितलंय, पुन्हा पेनिसिलीन घ्यायचं न्हाई. घेतलं तर जागीच खलास.”

या आजारात डॉक्टरांचा सगळ्यात मोठा भरवसा पेनिसिलीनवरच होता. पण ज्याला ते खरोखरच चालत नाही, त्याला ते दिलं तर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो. म्हणून त्यांनी त्याला हात लावला नाही. क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं दुसरं औषध होतं, तेही मेंदूपर्यंत पोचणारं. त्याची सुई त्यांनी लगेच शिरेतून सुरू केली. यात त्यांचं काहीही चुकलं नाही. माहिती तशी मिळाली होती, आणि हातावर हात धरून बसण्यात अर्थ नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम्मा आणखी सुस्त झालेली होती. काल निदान ती हाक मारल्यावर कण्हत होती, आज तेही नाही. तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून निरोप आला, की गढूळ पाण्यात कोणते जंतू आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. जोडीजोडीनं बसलेले गोल जंतू. पेनिसिलीन ज्यांच्यावर हमखास चालतं, असे.

नंदा आईच्या उशाशी ओल्या फडक्याची घडी बदलत होती. सगुणाबाई नावाच्या नर्स तिला उठवायला आल्या.

“ए पोरी, हे काय बाजारात बसल्यासारखं बसलीस? चल, भायेर.”

“मी फडकं बदलायलेय.”

“कोण म्हणलं तुला?”

“कुणीच न्हाई. वाळलं व्हतं.”

सगुणाबाईंनी फडक्याला हात लावून पाहिला. ते चांगलं गार होतं. “बस मग,” त्या म्हणाल्या. “पन मोठे डॉक्टर आले की गप राहायचं.”

डॉक्टर आले. महालिंगअप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते, गंगम्मा दारात.

“अप्पा, औषध म्हणावं तसं चालेना,” डॉक्टर म्हणाले.

“मग दुसरं द्या की साहेब. औषधाला काय तोटा हाय? आमी दुकानात नाही का, गूळ संपला तर साखर देतो.”

“इथं तसं जमत नाही. मेंदूच्या दाराशी कडक पहारा असतो. रक्तातली सगळी औषधं तो आत सोडत नाही. तुमच्या पत्नीच्या कानाला चालतील अशी चार औषधं माझ्या कपाटात आहेत, पण ती त्या दारातून आत जातच नाहीत. जाणारी मोजकी. त्यातलं एक देतोय. दुसरं पेनिसिलीन.”

“अन् तिसरं?”

“एक नवं निघालंय. ते औरंगाबादहून मागवावं लागेल.”

महालिंगअप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी बंद होता, एकही एस.टी. आगारातून निघाली नव्हती, दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या.

“आणि आणलं तरी,” डॉक्टर पुढं म्हणाले, “ते पेनिसिलीनच्याच भावकीतलं आहे. एक सोसत नसेल तर दुसरं सोसेलच असं नाही. म्हणून मला नीट समजून घ्यायचंय. मागं नेमकं काय झालं होतं?”

“रिअॅक्शन, साहेब.”

“तो डॉक्टरचा शब्द झाला. तुम्ही काय पाहिलं?”

महालिंगअप्पा चाचरले. “मी नांदेडला माल आणायला गेलतो. आलो तर हिचं तोंड भोपळ्यावानी. डोळे उघडंनात.”

“म्हणजे सुरुवातीला तुम्ही नव्हता.”

“गडी मानसं अशीच, डॉक्टर,” सगुणाबाई मधेच म्हणाल्या. “बायको आजारी पडली की ह्यांचं नांदेड निघतंय.”

“ओ बाई, मला काय सपान पडलं व्हतं का?”

“मग घरी कोण होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

दारातून गंगम्मा म्हणाली, “मी व्हते की.”

“सांगा, आजी. सुई कशासाठी दिली होती?”

“पायाला इळा लागला व्हता तिच्या. जखम पिकली. बाजाराच्या गावचा डॉक्टर रोज सुई द्यायचा.”

“रोज? म्हणजे एकच नव्हती?”

“न्हाई. रोज एक. कमरेत.”

“आणि सूज कधी आली?”

“लगीच.”

“लगेच म्हणजे दवाखान्यात बसल्याबसल्या?”

“न्हाई… घरी आल्यावर.”

“त्याच दिवशी?”

गंगम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

इथं जरा थांबू या. डॉक्टर इतके खोदून का विचारत होते? कारण वेळेला फार महत्त्व असतं. जिवावर बेतणारी अॅलर्जी बहुतेक वेळा सुई घेतल्यावर थोड्याच वेळात दिसते. घरी जाऊन, जेवून, झोपून, दोन दिवसांनी जे येतं, ते बऱ्याचदा वेगळंच काही असतं. शिवाय आपण सगळेच एक चूक करतो. घडलेलं सांगण्याऐवजी घडल्याचा अर्थ सांगतो. ‘रिअॅक्शन आली’ हा अर्थ झाला. घडलं काय, ते कुणीच अजून सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि नंदाच्या समोर बसले.

“तू होतीस का घरी?”

नंदानं मान हलवली.

“मग मला सांग. बरोबर की चूक, कशामुळं झालं, ते काही सांगू नको. नुसतं जे पाहिलं तेवढं. येईल?”

“येईल.”

“शेवटची सुई कधी झाली?”

“पोळ्याच्या दिवशी,” नंदा म्हणाली. “आईनं बैलाला ववाळलं अन् मग लंगडत दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी कर व्हती. करीला काहीच झालं न्हाई. आईनं सगळा सैपाक केला. कर झाल्यावर तिच्या अंगाला खाज सुटली.”

“शाबास. आधी कुठं खाज सुटली? तोंडाला?”

“न्हाई. हितं.” नंदानं आपल्या कमरेवर हात ठेवला.

“सुई टोचली तिथं?”

“तिथं न्हाई. त्या जागेच्या भवती. गोल. टिपक्याटिपक्यांचे फोड आले व्हते, पाण्यानं भरलेले. मधी काळं व्हतं. आई खाजवायची अन् तोच हात तोंडाला लावायची. मग तोंड सुजलं.”

“अगं बाई!” सगुणाबाईंच्या तोंडून निघालं. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. सगुणाबाईंना जे कळलं होतं ते त्यांनाही कळलं होतं, पण पोरीच्या तोंडात आपले शब्द घालायचे नव्हते.

“त्या वेळच्या डॉक्टरांनी हे फोड पाहिले होते का?”

“न्हाई. आई म्हणली, गडी मानसाला कंबर कशी दाखवू? तिनं नुसतं तोंड अन् हात दाखवले.”

“बरं. आणि फोडांच्या मधे काळं कशानं आलं होतं, ते माहीत आहे?”

नंदाला माहीत होतं. रॉकेलची चिमणी तिनंच धरली होती. रोज सुया घेऊन शिवम्माच्या कमरेत गाठ आली होती, बसता येत नव्हतं. पोळ्याच्या संध्याकाळी आजीनं डब्यातून बिब्बा काढला. बिब्बा म्हणजे एका रानझाडाचं काळं, चकचकीत फळ. त्याच्या तेलानं कपड्यावर पडलेली खूण धुवून जात नाही, म्हणून पूर्वी धोबी कपड्यांना त्याची खूण करत. आजीनं त्यात दाभण टोचून ते चिमणीवर धरलं. काळं तेल सुटलं. त्या दाभणाच्या टोकानं तिनं गाठीभोवती टिपके दिले. आणि नंदाला म्हणाली, “अप्पाला बोलू नगं बरं का. त्यो उगं डोकं फिरवील.” कारण महालिंगअप्पांनी एकदा निक्षून सांगितलं होतं, की डॉक्टरचं औषध चालू असताना घरचं काही लावायचं नाही.

आता अप्पा समोर उभे होते. आजी दारात होती. आई डोळे मिटून पडली होती आणि तिचा श्वास खोल, जड येत होता.

बिब्ब्याचा आणि पेनिसिलीनचा काय संबंध, हे नंदाला कळत नव्हतं. पण डॉक्टरांचा प्रश्न वायफळ नाही, हे तिला कळत होतं. ती उठली, दारापाशी गेली आणि तिनं आजीचं बोट धरलं.

“आज्जी, तूच सांग. मी सांगितलं तर चुगली व्हईल.”

गंगम्मानं तिच्याकडं पाहिलं. मग मुलाकडं न बघता डॉक्टरांना म्हणाली, “बिब्बा घातला व्हता मी. पोळ्याच्या दिवशी.”

“अव्वा!” महालिंगअप्पा आईला अव्वा म्हणत. “तुला शंभरदा सांगितलं व्हतं! अन् एवढे दिवस बोलली न्हाईस? इथं ती मरायलीय अन् तू…”

“अप्पा,” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “भांडायचं तर खुशाल भांडा, पण उद्या. आत्ता आजींशी माझं काम आहे. बसा, आजी. शिवम्माला त्याआधी कधी बिब्बा लागला होता का?”

गंगम्मा बसली नाही. “लहानपणी. चुडाव्याला तिचं माहेर. तिथं शेताच्या कडंला बिब्ब्याचं झाड व्हतं. त्याच्याखालून गेली तरी पोरीचं तोंड सुजायचं म्हणं. पन हे मला तिच्या आईनं मागाहून सांगितलं. तवापासनं मनात यायलंय, की सुईनं न्हाई, माझ्या बिब्ब्यानंच झालं. बिब्बा उतला तिला.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू, बाबा? डॉक्टर म्हणला सुईचं हाय. पोरगा म्हणला सुईचं हाय. गावातल्या बाया माझ्याकडंच येतेत बिब्बा घालायला. सुईवर गेलं, तर माझ्यावरचं टळलं. गप बसले.”

खरं सांगायचं तर गंगम्मानं बिब्बा वाईट हेतूनं घातला नव्हता. सून बसू शकत नाही हे तिला बघवत नव्हतं. पण गप बसल्यामुळं एक खोटी गोष्ट खरी होऊन बसली होती, आणि शिवम्माला वाचवू शकेल अशा औषधावर तिनं कुलूप घातलं होतं.

डॉक्टर उठले. “आजी, तुम्ही सांगितलंत ते मला पटतंय. रोज सुया घेऊन काही झालं नाही, बिब्बा लागल्यावर झालं, आणि बिब्ब्याच्याच जागी आधी झालं. पण मला पटलं म्हणून भरलेली सुई टोचता येत नाही. आता शिवम्माच्या अंगालाच विचारू.”

“अंगाला कसं विचारायचं?” नंदानं विचारलं. गप राहायचं ठरलेलं ती विसरली होती. सगुणाबाईंनी डोळे मोठे केले, पण डॉक्टरांना प्रश्न आवडला.

“पेनिसिलीन पुष्कळ पाण्यात मिसळायचं आणि त्याचा अगदी एवढासा थेंब हाताच्या कातडीत सोडायचा. शेजारी नुसत्या सलाइनचा एक थेंब. अंगाला पेनिसिलीन नको असेल, तर ती जागा लाल होऊन फुगेल. सलाइनची फुगणार नाही. दोन्हींत फरक पडतो का, ते बघायचं.”

“अन् लय फुगली तर? खलास?”

“म्हणून तर थेंबच. आणि म्हणून हे.” सगुणाबाईंनी आणलेल्या ट्रेमध्ये एक भरलेली सिरिंज होती. “हे अॅड्रेनालिन. श्वास कोंडायला लागला तर हे लगेच द्यायचं. पाण्यात उतरण्याआधी दोर हातात घ्यावा, तसं.”

मग ते महालिंगअप्पांकडं वळले. “अप्पा, तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही. आहे तेच चालू ठेवलं तरी धोका आहे, हे केलं तरी थोडा धोका आहे. मला दुसरा कमी वाटतो.”

महालिंगअप्पांनी आईकडं पाहिलं. “अव्वा, आता तरी खरं बोलायलीस ना? सगळं?”

“सगळं,” गंगम्मा म्हणाली. “लिंगाची आण.”

“करा, साहेब.”

डॉक्टरांनी शिवम्माच्या हाताच्या आतल्या बाजूला दोन बारीक थेंब सोडले. मसुराच्या डाळीएवढे दोन फुगवटे आले. खिशातल्या पेनानं त्यांनी दोन्हींभोवती निळं वर्तुळ काढलं आणि ते तिथंच स्टुलावर बसून राहिले. दुसरे रुग्ण बोलवायला आले तर सगुणाबाईंनी त्यांना बाहेरच थांबवलं. वाट पाहणं हेही डॉक्टरचं कामच असतं, मुलांनो, आणि ते सोपं नसतं. नंदा गुडघे टेकून त्या वर्तुळांकडं बघत होती. तिला मधेच वाटायचं, डावीकडचं वर्तुळ लाल झालं. मग ती डोळे चोळून पुन्हा बघायची आणि ते तसंच असायचं.

“काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“दोन्ही सारखे. बारीक व्हायलेत.”

“मलाही तेच दिसतंय.”

तरी त्यांनी घाई केली नाही. आधी शिरेतून थोडंसं पेनिसिलीन दिलं. नाडी पाहिली, छातीला नळी लावली, ओठांचा रंग पाहिला. मग आणखी थोडं. शिवम्माच्या श्वासात काही फरक पडला नाही, अंगावर एकही गांध उठली नाही. दुपारी त्यांनी पूर्ण मात्रा सुरू केली, आणि ती ठरल्या वेळेला चुकता कामा नये असं सगुणाबाईंना बजावलं.

“मला सांगायला लागतंय का, डॉक्टर?” सगुणाबाई म्हणाल्या.

“नाही. पण सांगितल्यावर मला बरं वाटतं.”

आता तुम्हाला वाटेल, औषध मिळालं आणि शिवम्मा लगेच उठून बसली. तसं होत नाही. जंतू मरायला वेळ लागतो, सूज उतरायला त्याहून जास्त. त्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला, आणि फडक्याची घडी पूर्वीसारखी लवकर वाळेना. मग शिवम्मानं खिडकीच्या उजेडाकडून तोंड फिरवलं. नंदा घाबरली, पण सगुणाबाई म्हणाल्या, “अगं, चांगलं हाय. उजेड नको असं तिला कळायलंय की.”

या सगळ्या वेळात महालिंगअप्पा आईशी एक शब्दही बोलले नाहीत. गंगम्मा आत येईना. दवाखान्याच्या आवारात नळापाशी एक कट्टा होता, तिथं ती बसून राही. सकाळी तिथंच लिंगपूजा करी. झरीहून शेजारच्या दगडाबाईंनी पाठवलेल्या भाकरीतली चतकोर खाई आणि उरलेली नंदाच्या हाती आत पाठवून देई. नंदा दोघांच्या मधे ये-जा करी.

“अप्पा, आज्जीला आत बोलवा ना.”

“तिला कुणी अडवलंय का?”

“आज्जी, चल ना आत.”

“नगं माय. माझी सावली नगं तिच्यावर. तू बघून ये अन् मला सांग.”

मग नंदा आत जाई, बघून येई, आणि सांगे. पाणी प्याली. हात हलवला. मला बघितलं पण ओळखलं न्हाई. तिनं डॉक्टरांकडून एवढं शिकून घेतलं होतं, की जे दिसलं तेवढंच सांगायचं. आजी विचारी, “म्हंजी बरी व्हायलीय का गं?” तर नंदा म्हणे, “ते मला ठाऊक न्हाई. हात हलवला, एवढं ठाऊक हाय.”

अशातच एका सकाळी डॉक्टर पेडगावकर शिवम्माला तपासत होते. त्यांनी तिच्या कानाजवळ चुटकी वाजवली, आणि तिनं डोळे फिरवून त्या बाजूला पाहिलं. मग दुसऱ्या कानाजवळ. त्या बाजूला ती जरा उशिरानं वळली, पण वळली.

“शिवम्मा, मी कोण आहे?” त्यांनी विचारलं.

शिवम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर शेजारी उभ्या नंदावर गेली. ओठ कोरडे पडले होते, आवाज घोगरा होता, पण शब्द सगळ्यांना ऐकू आले.

“नंदे, किती दिवस झाले केस विंचरले न्हाईस गं?”

सगुणाबाई हसल्या आणि पदरानं डोळे टिपत पलीकडच्या खाटेकडं गेल्या. महालिंगअप्पा एकदम खाली बसले.

डॉक्टरांनी शिवम्माला सावकाश, दोनदा समजावून सांगितलं. सुया अजून बरेच दिवस घ्याव्या लागतील. एका कानाला कमी ऐकू येईल, तो नंतर कानाच्या डॉक्टरांना दाखवायचा. आणि एक लक्षात ठेवायचं. यापुढं कुणीही विचारलं, तर पेनिसिलीन चालतं असं सांगायचं. बिब्बा चालत नाही असं सांगायचं.

“बिब्बा?” शिवम्मा म्हणाली. तिला नीट आठवेना. मग हळूहळू आठवलं असावं, कारण तिनं खोलीभर नजर फिरवली. “आत्याबाई कुठं हायत?” तिनं सासूबद्दल विचारलं.

महालिंगअप्पांनी भिंतीकडं पाहिलं. “भायेर बसलीय.”

“भायेर? कशाला?”

शिवम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. तिला अजून फार बोलण्याचं बळ नव्हतं, पण तिनं नजर काढली नाही.

“मला त्यांच्याशी बोलायचंय,” ती म्हणाली.

महालिंगअप्पा उठले नाहीत. नंदा मात्र दारातून केव्हाच बाहेर पडली होती.

गंगम्मा कट्ट्यावर बसलेली होती. पूजा नुकतीच झाली होती, कपाळावरची विभूती ओली होती. नंदाला पळत येताना पाहून ती अर्धवट उठली. “काय झालं? बोलली का?”

या वेळी नंदानं काही सांगितलं नाही. तिनं आजीचा हात धरला आणि तिला ओढायला लागली. गंगम्मा म्हणत होती, “अगं, हळू. नगं. महालिंग बोलल.” व्हरांड्यात सगुणाबाई ओरडल्या, “एका टायमाला एकच माणूस आत!” नंदा थांबली नाही. आजीला घेऊन ती खोलीत शिरली, बापाच्या पुढून गेली आणि आईच्या उशाशी असलेल्या आपल्या जागी तिनं आजीला बसवलं.